माळावरची दुर्बीण : आठपट की दहापट?

मराठवाड्यातले वन्यप्राणी दाट झाडीत कमी आणि उघड्यावर जास्त दिसतात. गौताळ्याचं जंगल, येडशीचा रामलिंग घाट आणि नांदेडकडचा पैनगंगेचा पट्टा सोडला, तर बाकी सगळा माळ, ज्वारी-हरभऱ्याची रानं आणि धरणांचे मोकळे काठ. काळविटांचा कळप करडईच्या कडेने चरत असतो, लांडगा मेंढरांच्या वाड्याभोवती घुटमळतो, रोही भर दिवसा रस्ता ओलांडतो. दिसतात सगळे, पण लांबून. आपल्याला ते दिसायच्या आधी त्यांनी आपल्याला पाहिलेलं असतं, आणि ठरावीक अंतराच्या आत पाऊल टाकलं की कळप उधळतो. त्यामुळे घाटातल्या जंगलात पक्षी पाहणाऱ्या मित्राची दुर्बीण आपल्याला जशीच्या तशी सोयीची पडेल असं नाही.

माळासाठी मध्यम किमतीची दुर्बीण कशी निवडायची ते या लेखात पाहू; मध्यम किंमत म्हणजे साधारण दहा ते पंचवीस हजार रुपये धरले आहेत. परदेशात या दुर्बिणींचं मोठं गिऱ्हाईक शिकारी आहे, म्हणून जाहिरातींत शिकारीचा उल्लेख सारखा येतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. माळावर कुणी जाळी किंवा बंदूक घेऊन फिरताना दिसलं तर कळवायला वनविभागाचा १९२६ हा क्रमांक पाठ असू द्या. भिंगांचं शास्त्र मात्र शिकाऱ्याला आणि निरीक्षकाला सारखंच लागू पडतं : अंधुक उजेड, लांबचं अंतर आणि तासन्‌तास डोळ्याला लावून बसणं.

दुर्बिणीवर ८×४२, १०×४२ असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा किती पटीने मोठं दिसतं ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. गिऱ्हाईक पहिल्या आकड्यावर भाळतं. हिशोब करून पाहा : चारशे मीटरवरचं काळवीट आठपटीतून पन्नास मीटरवर उभं असल्यासारखं दिसतं, दहापटीतून चाळीस मीटरवर. या दहा मीटरसाठी बरंच काही सोडावं लागतं. आठपटीच्या चांगल्या दुर्बिणीतून हजार मीटरवर सुमारे १३० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, दहापटीतून १०५ च्या आसपास. पळत्या कळपातला काळा नर शोधताना हा फरक चांगलाच जाणवतो. हाताची थरथरही तेवढ्याच पटीने वाढते. आणि उजेड घटतो. या उजेडाचं गणित नीट समजून घेतलं तर निम्मी निवड तिथेच होते.

दुर्बीण हातभर लांब धरून मागच्या भिंगाकडे पाहिलं की उजेडाचं एक लहान वर्तुळ दिसतं. डोळ्यात जाणारा सगळा प्रकाश त्यातूनच येतो. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की या वर्तुळाचा व्यास मिळतो : ८×४२ मध्ये सव्वापाच मिलिमीटर, १०×४२ मध्ये ४.२, खिशात मावणाऱ्या १०×२५ मध्ये फक्त अडीच. आपल्या डोळ्याची बाहुली भर उन्हात दोन-तीन मिलिमीटरवर आकसते, तरुणपणी अंधारात सातपर्यंत उघडते आणि पन्नाशीनंतर बऱ्याच जणांची पाचच्या आसपास थांबते. म्हणून दुपारी दुकानात उभं राहून छोटी आणि मोठी दुर्बीण डोळ्याला लावली, तर उजेडात फारसा फरक कळतच नाही. फरक पडतो तो तांबडं फुटताना आणि दिवेलागणीला. प्राण्यांची जा-ये नेमकी त्याच वेळी असते. वाड्याजवळून गेलेलं जनावर लांडगा होता की गावातलं कुत्रं, हे त्या उजेडात ठरवायचं तर लांब पाय आणि खाली लोंबती शेपूट दिसावी लागते. सव्वापाच मिलिमीटर असलेली दुर्बीण ती दाखवते; अडीचवालीत नुसता एक करडा ठिपका हलतो.

याच तर्काने युरोपातले शिकारी संधिप्रकाशासाठी ८×५६ वापरतात. तिथे वर्तुळ सात मिलिमीटरचं होतं. पण पन्नाशीच्या माणसाची बाहुली पाचवरच थांबत असेल, तर उरलेला प्रकाश बुबुळावर पडून वाया जातो आणि वर किलोभराचं वजन गळ्यात येतं. हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

आता आपल्याकडची खास अडचण. फेब्रुवारी संपला की काळी जमीन सकाळी नऊ-दहालाच तापायला लागते. तिच्यावरची हवा गरम होऊन लहान-मोठ्या लहरींनी वर चढते. गरम हवेचा अपवर्तनांक थंड हवेपेक्षा किंचित कमी असतो, त्यामुळे दूरच्या प्राण्याकडून येणारा प्रत्येक किरण वाटेत क्षणाक्षणाला इकडेतिकडे वाकतो. काळविटाचे पाय पाण्यात उभे असल्यासारखे हलतात, शिंगांचा पीळ पुसला जातो. अशा वेळी दहापट काय नि वीसपट काय, जास्त पटीची दुर्बीण हा थरथराटच मोठा करून दाखवते. किंमत वाढवून यावर इलाज नाही. सूर्य वर यायच्या आत पाहणं, ढगाळ दिवस साधणं किंवा टेकाडावर बसणं एवढेच उपाय आहेत, कारण लहरींचा जोर जमिनीलगत सगळ्यात जास्त असतो. म्हणून उन्हाळ्यात माळावर फिरणाऱ्याला मी आठपटच सुचवेन. जायकवाडीच्या नाथसागरावर हिवाळ्यात लांबवर उतरलेली पट्टकादंब हंसं आणि रोहित पाहायचे असतील, हवा थंड असेल आणि कोपर टेकायला जागा असेल, तर दहापटीला अर्थ आहे.

आकड्यांनंतर येतं कोटिंग. काचेच्या उघड्या पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीच्या एका नळीत असे बारा पृष्ठभाग धरले, तर डोळ्यापर्यंत जेमतेम ६१ टक्के पोहोचतो. परत फिरलेला प्रकाश नळीत भटकून चित्रावर पांढुरका पडदाही आणतो. १९३५ मध्ये झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी यावर तोड काढली. काचेवर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाएवढा पातळ थर दिला की थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात, परावर्तन घटतं आणि प्रकाश पुढे जातो. असे अनेक थर प्रत्येक पृष्ठभागावर दिले की तोटा अर्ध्या टक्क्यावर येतो आणि तोच हिशोब ९४ टक्क्यांपर्यंत जातो. खोक्यावर 'फुली मल्टिकोटेड' हे पूर्ण शब्द हवेत. नुसतं 'कोटेड' लिहिलं असेल तर कुठल्यातरी एका भिंगावर एखादा थर असेल, एवढंच समजावं. जत्रेत मिळणाऱ्या लालभडक भिंगांच्या दुर्बिणी तर घेऊच नयेत. ते कोटिंग लाल प्रकाश परत पाठवतं, त्यामुळे आतलं सगळं चित्र हिरवट-निळसर दिसतं.

दुर्बिणीच्या पोटात लोलक असतात. भिंगातून उलटी पडणारी प्रतिमा ते सुलटी करतात. इटलीच्या इग्नात्सिओ पोरो यांनी १८५४ मध्ये पेटंट घेतलेली रचना आजही चालते. खांदे पुढे आलेली, रुंद दिसणारी दुर्बीण ती पोरो. सरळ नळ्यांची ती रूफ. रूफ दुर्बिणीत लोलकाच्या धारेवर प्रकाशाचे दोन भाग होतात आणि परत एकत्र येताना त्यांच्या लहरींची पावलं जुळत नाहीत. परिणाम असा की बारीक रेघा पुसट होतात. यावरचा उपाय म्हणजे फेज कोटिंग, झाइसने १९८८ मध्ये आणलेलं. एके काळी ते फक्त महागड्या दुर्बिणींत मिळायचं, आता मध्यम किमतीतही मिळतं.

हिवाळ्यात आपल्या माळांवर भोवत्या पक्षी येतात. त्यातल्या पॅलिड आणि माँटेग्यू या दोन जातींच्या माद्या इतक्या सारख्या, की पॅलिडच्या मानेवरची फिकट कॉलर आणि तिच्यामागची गडद पट्टी दिसली तरच ओळख पटते. पक्षी गवतावरून तरंगत समोरून जातो तेवढाच वेळ हातात असतो. फेज कोटिंग नसलेल्या रूफ दुर्बिणीत ही कॉलर आजूबाजूच्या तपकिरी रंगात मिसळून जाते.

पोरोला असलं कोटिंग लागतच नाही, म्हणून दहा हजारांच्या आत पोरोचं चित्र बहुतेकदा सरस असतं. मग मी रूफकडे का झुकतो? धुळीमुळे. बहुतेक पोरो दुर्बिणींत फोकस करताना मागची भिंगं आत-बाहेर सरकतात आणि काळ्या मातीची पिठासारखी धूळ फटीतून आत जाते. नायट्रोजन भरून बंद केलेल्या रूफ दुर्बिणीत धूळ आणि पावसाळी दमट हवा दोन्ही शिरत नाहीत, बुरशीची भीतीही कमी होते. बजेट दहाच्या आत असेल तर पोरो घ्या आणि जपून वापरा. त्यावर असेल तर फेज कोटिंगवाली सीलबंद रूफ घ्या. झूम दुर्बिणींच्या वाटेला जाऊ नका, त्यांचं दृश्य अरुंद आणि अंधारं असतं.

खरेदीला जाल तेव्हा दुर्बीण घेऊन दुकानाच्या दारात या. वर सांगितलेलं उजेडाचं वर्तुळ पूर्ण गोल आहे का पाहा. पोरो दुर्बिणीत कडा करड्या आणि चौकोनी दिसल्या तर लोलक हलक्या काचेचे आहेत. चांगल्या लोलकांच्या काचेला बीएके-४ म्हणतात. मग आकाशासमोरची विजेची तार पाहा. तारेच्या कडेला जांभळी-हिरवी झालर ठळक दिसत असेल तर भिंगं सगळ्या रंगांना एका जागी आणत नाहीत. ईडी काचेच्या दुर्बिणीत ही झालर कमी असते. त्यासाठी थोडे जास्त पैसे गेले तरी चालेल. तारेकडे बघतच दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू लांब न्या. दोन्ही नळ्यांतल्या तारा एका पातळीत राहिल्या पाहिजेत. एक वर, एक खाली दिसली तर नळ्या जुळलेल्या नाहीत आणि तासाभरात डोकं दुखणार हे नक्की. चष्मा असेल तर तो लावूनच पाहा. पूर्ण वर्तुळ दिसायला आय रिलीफ, म्हणजे मागच्या भिंगापासून डोळा जितका लांब ठेवता येतो ते अंतर, निदान १५ मिलिमीटर हवा.

घरी आल्यावर आधी ती आपल्या डोळ्यांना लावून घ्यावी लागते. उजवं भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचा फोकस जमवा, मग डावं झाकून चाकाला हात न लावता उजव्या नळीची कडी फिरवा. कडीवरची खूण लक्षात ठेवली की काम झालं.

भिंगावर धूळ बसली तर उपरण्याने किंवा शर्टाच्या टोकाने पुसू नका. मातीतले कण कोटिंग ओरबाडतात, ते परत भरून येत नाही. आधी रबरी फुग्याने हवा मारा, मग मऊ ब्रश, आणि डाग उरला तरच लेन्सचं कापड. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर दुर्बीण ठेवू नका. पावसाळ्यात तिला सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा, आणि पुड्या ओलसर झाल्या की बदला.