‘स्किनामरिंक’वरून दोन तट का पडले? कमी पैशांतल्या भुताच्या सिनेमांची पार्श्वभूमी

१३ जानेवारी २०२३ रोजी ‘स्किनामरिंक’ अमेरिकेतल्या सुमारे ६९० थिएटरांत लागला. दिग्दर्शक काइल एडवर्ड बॉल कॅनडातल्या एडमंटनचा. ज्या घरात तो वाढला, त्याच आईवडिलांच्या घरात त्याने हा सिनेमा सुमारे १५ हजार डॉलरांत उरकला. गोष्ट १९९५ सालची. रात्री जागी झालेली दोन लहान भावंडं, बाप नाहीसा झालेला, आणि घराची दारं-खिडक्या एकेक करून गायब होतायत. पडद्यावर मात्र मुलांचे चेहरे जवळपास दिसतच नाहीत. छताचे कोपरे, गालिचावर पसरलेले ठोकळे, टीव्हीचा निळसर उजेड, आणि हे सगळं शंभर मिनिटं. काही प्रेक्षकांना लहानपणची अंधाराची भीती जशीच्या तशी परत भेटली. बाकीच्यांना भिंती बघायला तिकीट काढल्यासारखं वाटलं. मधलं मत फारसं कुणाचं नव्हतं.

असा वाद या जातीच्या सिनेमाला पहिल्यापासून चिकटलेला आहे, आणि त्याचं मूळ बरंचसं पैशाच्या हिशेबात आहे.

१९४२ साली हॉलिवूडच्या आरकेओ स्टुडिओने निर्माता व्हॅल ल्यूटन याला ‘कॅट पीपल’ हे नाव आधी दिलं आणि त्यावर स्वस्तात सिनेमा कर म्हणून सांगितलं. बजेट दीड लाख डॉलरांच्या आत. बाईचा बिबळ्या होतो हे दाखवायला लागणारं सोंग एवढ्या पैशांत हास्यास्पदच झालं असतं. मग ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक टर्नर यांनी ते दाखवलंच नाही. अंधारा पोहण्याचा तलाव, छतावर हलणारं पाण्याचं प्रतिबिंब, कुठूनतरी गुरगुर, बस. जिना ऑर्सन वेल्सच्या एका सिनेमाच्या उरलेल्या सेटचा वापरला. तरी स्टुडिओला राहवेना. एका प्रसंगात खरा बिबळ्या दिसलाच पाहिजे म्हणून त्यांनी हट्ट धरला आणि तो घातला गेला. ‘न दाखवता भागेल का?’ या प्रश्नावरचं पहिलं भांडण प्रेक्षकांआधी निर्मात्यांतच झालं, ते असं.

पुढचा मोठा टप्पा ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’. चेटकिणीवर माहितीपट करायला जंगलात गेलेले तीन विद्यार्थी हरवतात, आणि मागे सापडलेलं त्यांचं फुटेज म्हणजेच हा सिनेमा, अशी बतावणी. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ हे फ्लॉरिडाच्या चित्रपट अभ्यासक्रमातले सोबती. त्यांच्याकडे संवादांची पटकथा नव्हती, ३५ पानांचा आराखडा होता. ऑक्टोबर १९९७ मध्ये मेरीलँडच्या जंगलात आठ दिवस चित्रण झालं. कॅमेरे दोन, एक हाय-एट व्हिडिओचा आणि एक १६ मिमीचा, आणि दोन्ही नटांच्याच हातात. दिग्दर्शकांची माणसं लांबून मागावर असत. नटांना जीपीएस दिलेलं होतं. ठरलेल्या जागी पोचलं की तिथे ठेवलेल्या क्रेटमध्ये प्रत्येकासाठी वेगळी चिठ्ठी असे, आणि ती दुसऱ्याला दाखवायची नसे. त्यामुळे भांडण झालं तर समोरचा काय बोलणार हे खरोखरच माहीत नसे. खाणं दिवसागणिक कमी केलं. रात्री तंबू हलवायचा, लहान मुलांच्या आवाजाची टेप लावायची, की पुढची प्रतिक्रिया आपोआप मिळे.

या पद्धतीचा तोटाही लगेच दिसला. तंबूतून पळत सुटण्याच्या प्रसंगात नायिका हेदर एका बाजूला बघून किंचाळते. तिकडे पांढरे कपडे घातलेला, तोंडावर मोजा ओढलेला चमूतला एकजण उभा केलेला होता. कॅमेरा तिकडे वळलाच नाही. पुन्हा चित्रण केलं नाही, तसंच ठेवलं. आज त्या किंकाळीचं कौतुक होतं ते समोर काहीच दिसत नाही म्हणून. नशीब म्हणा हवं तर.

सुमारे २० तासांचं चित्रण जमलं. आधी बेत असा होता की जुन्या बातमीपटांचे तुकडे, तज्ज्ञांच्या मुलाखती आणि त्यांच्यामध्ये हे जंगलातलं फुटेज. संकलनात ते सगळं बाहेर काढलं, ८० मिनिटांच्या आसपास नुसतं फुटेज उरलं, आणि काढलेल्या मालावर जुलै १९९९ मध्ये दूरचित्रवाणीसाठी वेगळा खोटा माहितीपट उभा राहिला. जानेवारी १९९९ च्या सनडान्स महोत्सवात आर्टिझन कंपनीने हक्क ११ लाख डॉलरांना घेतले होते. शेवट कळत नाही अशी कुरबुर झाली तेव्हा आर्टिझनने पर्यायी शेवट चित्रित करून घेतले. दिग्दर्शकांनी जुनाच ठेवला, फक्त सुरुवातीच्या मुलाखतींत एका गावकऱ्याच्या तोंडी कोपऱ्याकडे तोंड करून उभ्या केलेल्या मुलांचा उल्लेख घातला. ती काही वाक्यं निसटली की शेवटचं दृश्य म्हणजे भिंतीकडे बघणारा माणूस, एवढंच. ‘याला शेवटच नाही’ म्हणणाऱ्यांतले कितीतरी जण पॉपकॉर्नच्या रांगेत अडकलेले असणार.

खरी ठिणगी पडली ती विक्रीतून. पात्रांना नटांचीच खरी नावं होती, नटांना प्रसिद्धीपासून दूर ठेवलं होतं, ‘हरवले आहेत’ अशी पत्रकं वाटली होती आणि संकेतस्थळावर पोलिसी कागद, जुनी छायाचित्रं टाकली होती. जुलैच्या मध्याला मोजक्या थिएटरांत आलेल्या प्रेक्षकाला वाटलं की आपण खरं काहीतरी बघतोय. महिनाअखेरीस देशभर लागला तोवर बिंग फुटलं होतं, आणि उरली होती ती ‘आजवरचा सगळ्यात भयानक सिनेमा’ अशी ख्याती. नावाजलेला अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्टने त्याला चारपैकी चार तारे दिले. पहिल्या रात्री थिएटराबाहेर प्रेक्षकांकडून श्रेणी घेणाऱ्या सिनेमास्कोअरमध्ये तो सी-प्लसवर आला. हेदर डोनाह्यूला त्या वर्षीच्या सर्वात वाईट अभिनेत्रीचा रॅझीही मिळाला, आणि तो माझ्या मते साफ चुकीचा होता. जगभरची कमाई २४ कोटी डॉलरांच्या वर गेली.

तक्रारींत एक निव्वळ शारीरिक होती: हातातल्या हलत्या कॅमेऱ्यामुळे होणारी मळमळ. डोळ्यांना हालचाल दिसते, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला शरीर स्थिर असल्याचं कळतं, आणि दोन्ही जुळत नाहीत. पुढच्या रांगेत पडदा नजरेचा सगळा पट्टा व्यापतो, म्हणून त्रास जास्त. मागे बसलं की कमी. घरच्या लहान टीव्हीवर तो जवळपास नाहीसाच होतो, पण त्याबरोबर निम्मी भीतीही जाते.

‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ने ही अडचण कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून सोडवली. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या ओरेन पेलीने सान डिएगोतल्या स्वतःच्या घरात, सात दिवसांत, सुमारे १५ हजार डॉलरांत तो केला. रात्री झोपलेल्या जोडप्यावर रोखलेली चौकट स्थिर, एका कोपऱ्यात पळणारं घड्याळ. ते सावकाश झालं की काहीतरी होणार हे प्रेक्षक दोन-तीन रात्रींतच शिकतो आणि मग स्वतःच चौकटीतला कोपरा न् कोपरा तपासत बसतो. काही घडण्याआधी खर्जातली घरघर सुरू होते. लॅपटॉपच्या स्पीकरवर ती ऐकूच येत नाही. महोत्सवांतल्या आवृत्तीत शेवटी नायिका केटीवर पोलीस गोळी झाडतात. २००९ च्या थिएटरांतल्या आवृत्तीत तिचा जोडीदार थेट कॅमेऱ्यावर भिरकावला जातो. पॅरामाउंट स्टुडिओने आधी मोजक्या कॉलेजगावांत मध्यरात्रीचे खेळ लावले आणि जाहिरातीत सिनेमापेक्षा किंचाळणारे प्रेक्षकच जास्त दाखवले. भरलेल्या थिएटरात बघणारे आणि नंतर एकट्याने डीव्हीडी लावणारे यांची मतं जुळली नाहीत यात नवल नाही.

त्याच पॅरामाउंटने जानेवारी २०१२ मध्ये ‘द डेव्हिल इनसाइड’ आणला. खर्च दहा लाख डॉलरांच्या आसपास, पहिल्याच आठवडाअखेरीला ३ कोटी ३० लाखांच्या वर गल्ला. शेवट अर्ध्यावर तोडून पडद्यावर संकेतस्थळाचा पत्ता झळकावला. सिनेमास्कोअर: एफ, म्हणजे नापास. इथे न दाखवण्याची कला वगैरे काही नव्हतं, ही सरळ फसवणूक होती.

आपल्याकडे स्वस्त भयपटाची वाट उलटी गेली. रामसे बंधूंचा ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) महाबळेश्वरला चित्रित झाला. भावाभावांत कामं वाटलेली: तुलसी-श्याम दिग्दर्शनाला, गंगू कॅमेऱ्याला, किरण ध्वनीला. पैसा वाचवायचा तो माणसांवर आणि मुक्कामावर, भुतावर नाही. भूत मुखवट्यासकट, उजेडात, समोर. त्यावर वाढलेल्या प्रेक्षकाला तासभर नुसता बोळ दाखवला तर तो ‘पुढे काय?’ विचारणारच, आणि तो प्रश्न अडाणीपणाचा नाही.

आता पुन्हा ‘स्किनामरिंक’कडे. बॉल आधी लोकांची वाईट स्वप्नं मागवून त्यांचे लहान व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचा, ‘हेक’ हा २०२० चा लघुपट त्यातूनच आला. सिनेमा जुलै २०२२ मध्ये मॉन्ट्रियलच्या फँटेजिया महोत्सवात दाखवला गेला. नंतर एका महोत्सवाच्या ऑनलाइन खेळातून चोरीची प्रत फुटली, टिकटॉकवर ‘बघाल तर झोपणार नाही’चा गजर झाला, आणि वितरकांना प्रदर्शन अलीकडे ओढावं लागलं. म्हणजे पुन्हा तेच: प्रयोगशील, संथ सिनेमा आणि वर किंकाळ्यांचं आश्वासन.

चोरीच्या प्रतीने आणखी एक घात केला. या सिनेमाचं चित्र मुद्दाम खरखरीत आहे, दर फ्रेमला ठिपके बदलतात. फाइल लहान करणारं व्हिडिओ कॉम्प्रेशन आधीच्या फ्रेमशी साम्य शोधून जागा वाचवतं. इथे साम्यच नसतं, म्हणून कमी बिटरेटला, म्हणजे दर सेकंदाला कमी डेटा असला की, ठिपके पुसले जातात आणि अंधाराचे चौकोनी करडे डाग होतात. ज्या खरखरीत डोळ्याने आकार शोधायचे, तीच नाहीशी होते. संवादांचंही तसंच. मुलं कुजबुजतात, काही वाक्यं फक्त पडद्यावर लिहून येतात, मागे सतत जुन्या टेपसारखा सूं-सूं आवाज. फोनच्या स्पीकरवर यातलं काही पोचत नाही.

२ फेब्रुवारी २०२३ पासून तो शडर या भयपटांच्या स्ट्रीमिंग सेवेवर आला. बघायचाच तर रात्री, खोलीतले दिवे बंद करून, हेडफोन लावून, टीव्हीची खरखर पुसणारी ‘नॉइज रिडक्शन’ सेटिंग काढून टाकून. पहिल्या वीस मिनिटांत काही वाटलं नाही तर खुशाल बंद करावा, कारण पुढे वेग वाढत नाही.