महाधमनी विदारण

हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, म्हणजे महाधमनीच्या, आतल्या अस्तराला चीर पडून रक्त भित्तीच्या थरांत घुसणे म्हणजे महाधमनी विदारण. दाबामुळे थर सुटत जातात आणि मूळ मार्गाशेजारी दुसरा, खोटा मार्ग तयार होतो. मेंदू, मूत्रपिंडे, आतडी, पाय यांपैकी कशाचाही रक्तपुरवठा त्यामुळे तुटू शकतो. रक्त हृदयाभोवतीच्या पिशवीत (हृदयावरणात) साचले तर मृत्यू फार लवकर येतो. ब्रिटनचा राजा दुसरा जॉर्ज १७६० मध्ये असाच दगावला आणि कारण शवविच्छेदनात कळले. वर्षानुवर्षे आटोक्यात न ठेवलेला रक्तदाब हे मुख्य कारण. तरुणांत मार्फान सिंड्रोम हा संयोजी ऊती कमकुवत करणारा आनुवंशिक विकार किंवा महाधमनीच्या झडपेला जन्मतः दोनच पाकळ्या असणे, हेही आढळते.

खरी अडचण निदानाची आहे. छातीत किंवा पाठीत अचानक, पहिल्या क्षणापासूनच असह्य कळ येते आणि ती हृदयविकाराचा झटका समजली जाते. ही गफलत घातक ठरते, कारण झटक्यासाठी दिलेले गुठळी विरघळवणारे औषध इथे रक्तस्राव वाढवते. म्हणून अशा रुग्णाचा रक्तदाब दोन्ही हातांवर मोजावा. पाऱ्याच्या २० मिमीहून अधिक फरक संशयाला पुरेसा. तो नसला, छातीचा एक्स-रे सामान्य आला, तरी संशय सोडू नये. खात्री सीटी अँजिओग्राफीने, म्हणजे रंगद्रव्य टोचून काढलेल्या रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनने, होते. रुग्ण हलवण्याजोगा नसेल तर अन्ननलिकेतून इको (हृदयाची ध्वनिलहरींनी तपासणी) करतात.

उपचार चिरेच्या जागेवर ठरतो. १९७० च्या स्टॅनफर्ड वर्गीकरणानुसार हृदयालगतचा चढता भाग बाधित असल्यास ‘ए’, नसल्यास ‘बी’. ‘ए’ प्रकारात उपचाराविना पहिल्या दोन दिवसांत तासाला सुमारे १ ते २ टक्के रुग्ण दगावतात. तातडीने शस्त्रक्रिया करून फाटलेला भाग काढून डेक्रॉन या कृत्रिम कापडाची नळी बसवतात. ‘बी’ प्रकारात बहुधा औषधे पुरतात, गुंतागुंत झाल्यास जांघेतल्या धमनीतून स्टेंट-ग्राफ्ट (जाळीवर कापड चढवलेली नळी) सरकवतात. दोन्हींत आधी हृदयाची गती आणि जोर कमी करणारे बीटा-ब्लॉकर औषध देऊन नाडी ६० च्या आसपास आणतात. नुसता दाब उतरवला तर हृदय जोरात धडधडते आणि चीर वाढते.

ही शस्त्रक्रिया १९५० च्या दशकात रुळवणारे अमेरिकी शल्यविशारद मायकेल डिबेकी यांना २००५ च्या अखेरीस, वयाच्या ९७ व्या वर्षी, हाच विकार झाला. त्यांच्यावर फेब्रुवारी २००६ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ते आणखी दोन वर्षांहून अधिक जगले.

वाचलेल्या रुग्णाला रक्तदाबाची औषधे आणि ठरावीक काळाने स्कॅन आयुष्यभर लागतात. आनुवंशिक कारण असल्यास आई-वडील, भावंडे आणि मुले यांचीही तपासणी करावी.