हॅश डिफाइन लिहिलं म्हणजे नवा कीवर्ड झाला?

‘हॅश डिफाइन जर इफ’ एवढं लिहिलं की सी भाषेत ‘जर’ हा कीवर्ड, म्हणजे भाषेचा राखीव शब्द, तयार होतो, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. प्रोग्राम खरंच चालतो, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे.

प्रत्यक्षात प्रीप्रोसेसर, म्हणजे कंपायलरच्या आधी मजकुरात अदलाबदल करणारा टप्पा, ‘जर’च्या जागी ‘इफ’ ठेवतो. वाक्यरचना तपासणाऱ्या पार्सरला ‘जर’ दिसतच नाही. जीसीसी या सी कंपायलरला फक्त प्रीप्रोसेसर चालवणारा ‘मायनस कॅपिटल ई’ हा पर्याय देऊन बघा: आउटपुटमध्ये सगळीकडे ‘इफ’च असेल. मग ‘हॅश अनडेफ जर’ लिहून ती व्याख्या रद्द करा आणि ‘जर’ नावाचा इंट व्हेरिएबल करा. बिनतक्रार होतो. ‘इफ’ नावाचा करून पाहा, लगेच एरर.

खरा कीवर्ड कंपायलरच्या राखीव शब्दांच्या तक्त्यात घालावा लागतो, आणि त्याच्यापुढे काय आलं तर चालेल हे पार्सरला शिकवावं लागतं. हे दुसरं कामच मोठं. शिवाय जुन्या कोडमध्ये तेच नाव कुणी वापरलं असेल तर ते कोड मोडतं. म्हणूनच सी भाषेच्या १९९९च्या मानकात ‘बूल’ हा खरं-खोटं साठवणारा प्रकार थेट आला नाही; आला तो ‘अंडरस्कोर बूल’, कारण अंडरस्कोर आणि पुढे कॅपिटल अक्षर अशी नावं आधीपासून राखीव होती. साधा ‘बूल’ तेव्हा हेडर फाइलमधला मॅक्रोच, म्हणजे ‘हॅश डिफाइन’ने दिलेलं नाव, होता. तो कीवर्ड झाला सी२३ या नंतरच्या मानकात.