पांढरे फुगे, काळा समुद्र आणि सात वर्षांचा करार

के-पॉपच्या, म्हणजे दक्षिण कोरियातल्या पॉप संगीताच्या, नादाला नुकतंच लागलेल्या माणसाला गाणी आवडायला वेळ लागत नाही. कोड्यात टाकतात ते भोवतालचे रिवाज. प्रत्येक ग्रुपच्या चाहत्यांना वेगळं नाव कशाला? कार्यक्रमात सगळ्यांच्या हातात एकाच आकाराचा दिवा कसा? आणि ग्रुपला सात वर्षं व्हायला आली की जुन्या चाहत्यांच्या पोटात गोळा का येतो? यातलं बरंचसं भांडणं, खटले आणि सरकारी कात्री यांतून घडत गेलं आहे.

गोष्ट बहुतेक जण ११ एप्रिल १९९२ पासून सुरू करतात. त्या दिवशी एमबीसी वाहिनीवर सो तैजी अँड बॉइज या तिघांनी रॅप, रॉक आणि नाच यांची सरमिसळ असलेलं गाणं सादर केलं. परीक्षकांनी सर्वांत कमी गुण दिले. शाळकरी पोरांनी मात्र ते गाणं डोक्यावर घेतलं आणि वर्षभरात देशाची आवडच बदलली.

धागा त्याच्याही मागे नेता येतो. कोरियन युद्धानंतर तिथे राहिलेल्या अमेरिकी सैनिकांच्या तळांवर गाऊन अनेक कलाकारांनी पोट भरलं. त्यांतल्या किम सिस्टर्स इंग्रजी येत नसताना नुसते उच्चार पाठ करून गाणी म्हणायच्या. १९५९ मध्ये त्या थेट लास व्हेगासला पोचल्या. पुढे १९७५ मध्ये लष्करी हुकूमशहा पार्क चुंग-ही यांच्या राजवटीने शेकडो गाण्यांवर बंदी आणली, रॉक संगीतकार शिन जुंग-ह्यॉन यांना गांजाच्या प्रकरणात तुरुंगात टाकलं. गाणी आधी तपासून घेण्याची सक्ती नव्वदच्या दशकातही उरली होती. १९९५ मध्ये सो तैजीला एका गाण्याचे शब्द बदलायला सांगितले, तर त्याने शब्दच काढून टाकले आणि नुसतं संगीत प्रसिद्ध केलं. चाहते खवळले. १९९६ मध्ये ही पूर्वतपासणी रद्द झाली. कोरियातला चाहता टाळ्या वाजवून घरी जात नाही, हे तेव्हाच दिसलं होतं.

त्याच सुमारास ली सू-मान नावाचा एक जुना गायक वेगळ्याच विचारात होता. कॅलिफोर्नियात शिकताना त्याने एमटीव्ही पाहिला होता. परत येऊन त्याने ह्यॉन जिन-यंग या तरुणाला पुढे आणलं, पण तो अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाला आणि सगळा पैसा बुडायची वेळ आली. त्यातून लीने घेतलेला धडा असा : कलाकार तयार मिळण्याची वाट बघायची नाही, लहानपणीच उचलून आपल्या नजरेखाली घडवायचा. आजची ‘ट्रेनी’ पद्धत, म्हणजे वर्षानुवर्षांची तालीम, आहारावर आणि खासगी आयुष्यावर पहारा, याच धड्यातून आली. एका कलाकाराच्या चुकीचा दंड पुढच्या कित्येक पिढ्या भरताहेत, असं माझं मत आहे.

लीच्या एसएम कंपनीने सप्टेंबर १९९६ मध्ये एच.ओ.टी. हा पाच मुलांचा ग्रुप आणला आणि चाहत्यांचे तट पडायला सुरुवात झाली. एच.ओ.टी.चे चाहते पांढरे फुगे आणत, प्रतिस्पर्धी जेक्सकिसचे पिवळे. कुठल्या रंगाचे फुगे जास्त, यावरून ताकद मोजली जाई. पुढे फुग्यांची जागा दिव्यांनी घेतली. २००६ मध्ये बिगबँग या ग्रुपचा मुकुटाच्या आकाराचा दिवा आला आणि हळूहळू प्रत्येक ग्रुपने स्वतःचा दिवा काढला. दिवा विझवणं हेही मग हत्यार झालं : जून २००८ मध्ये सोलच्या एका मोठ्या कार्यक्रमात गर्ल्स जनरेशन हा ग्रुप मंचावर येताच इतर ग्रुपच्या चाहत्यांनी दिवे बंद केले. त्या नऊ मुली अंधारात नाचल्या. ‘काळा समुद्र’ म्हणून तो प्रसंग आजही काढला जातो.

आर्थिक अरिष्टातून सावरायला के-पॉप सरकारने उभं केलं, असं आपल्याकडे अगदी ठासून सांगितलं जातं. तारखा तसं म्हणत नाहीत. आर्थिक अरिष्ट १९९७ च्या अखेरीस आलं. किम दे-जुंग अध्यक्ष झाले १९९८ मध्ये आणि सांस्कृतिक उद्योगांना चालना देणारा कायदा १९९९ चा. तोवर एच.ओ.टी. घरोघरी पोचले होते. सरकारने धावत्या गाडीला इंधन पुरवलं. गाडी आधीच सुटली होती.

सात वर्षांचं कोडं मात्र खरोखर सरकारी आहे. टीव्हीएक्सक्यू या लोकप्रिय ग्रुपमधल्या तिघांनी २००९ मध्ये एसएम कंपनीला न्यायालयात खेचलं. तक्रार होती तेरा वर्षांच्या कराराची. त्याच वर्षी कोरियाच्या व्यापार आयोगाने नमुना करार काढून मुदत सात वर्षांवर आणली. तेव्हापासून सातवं वर्ष आलं की ग्रुप टिकणार की फुटणार, याची कुजबुज सुरू होते. बीटीएस या ग्रुपने २०१८ मध्ये मुदत संपायच्या आधीच नवा करार केला, ही चाहत्यांसाठी एवढी मोठी बातमी का ठरली, ते यावरून कळेल.

पुढचा प्रवास नव्या चाहत्याला बहुधा ठाऊक असतो. २०१२ मध्ये साय या गायकाच्या ‘गंगनम स्टाइल’ने यूट्यूबवर पहिल्यांदा शंभर कोटी वेळा पाहिलं जाण्याचा आकडा गाठला, २०१८ मध्ये बीटीएसचा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिला आला.

भारतात ही लाट आधी ईशान्येकडून आली. मणिपुरात २००० मध्ये बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली आणि ती पोकळी कोरियन वाहिनी अरिरंगने भरली. २०२२ मध्ये ओडिशाची श्रेया लेंका ब्लॅकस्वान ग्रुपमध्ये निवडली गेली. गॉट सेव्हन ग्रुपचा जॅक्सन वांग जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर गाऊन गेला. आणि २०२५ मध्ये बीटीएसच्या हाइब कंपनीने आपलं भारतातलं कार्यालय मुंबईतच थाटलं. इथली मुलं ट्रेनी म्हणून घेतली गेली, तर त्यांच्या करारात किती वर्षं लिहिली जातात, हे पालकांनी वाचून घ्यावं.