किती उन्हाळे पाहिलेली गाडी?

निसान लीफ या विजेवर चालणाऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर चार्जिंगच्या जाड पट्ट्यांना लागून बारा बारीक पट्ट्यांची एक उभी रांग दिसते. जाड पट्ट्या रोज कमी-जास्त होतात. बारीक पट्टी मात्र एकदा गेली की सहसा परत येत नाही, कारण बॅटरीत आता मुळात किती वीज मावते, ते ती सांगते.

2010 च्या डिसेंबरात ही गाडी रस्त्यावर आली. 2012 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या फीनिक्स भागात, जिथे पारा 45 अंशांवर जातो, तिथल्या मालकांच्या पट्ट्या भराभर गळू लागल्या. गाड्या जुन्याही नव्हत्या.

लिथियम बॅटरीत ऋण टोकाच्या ग्राफाइटच्या पृष्ठभागावर पहिल्या चार्जिंगपासूनच एक पातळ पुट बसतं, गिझरच्या कॉइलवर क्षार बसतो तसं. हे पुट ग्राफाइटचं रक्षणही करतं, पण ते वाढताना थोडं लिथियम कायमचं अडकून पडतं. तेवढी बॅटरीची क्षमता घटते. पुट जाड होत जातं तशी त्याची वाढ मंदावते, म्हणून झीज सुरुवातीला जास्त आणि पुढे सावकाश होते. उष्णतेने ही क्रिया वेग घेते, गाडी नुसती उभी असली तरी. बॅटरी पूर्ण भरून उन्हात ठेवणं तर सगळ्यात वाईट. त्यात लीफच्या बॅटरीला थंड करणारी द्रवाची यंत्रणाच नव्हती. आपल्याकडच्या टाटा नेक्सॉन ईव्हीत ती आहे, आणि नागपूरच्या मे महिन्यात ती हवीच.

मग पट्ट्या गळालेली गाडी टाकाऊ का? मला तसं वाटत नाही. पहिली पट्टी साधारण 15 टक्के घट झाल्यावर जाते, पुढची प्रत्येक सव्वासहा टक्क्यांना. चार गेल्या, तर जवळपास 66 टक्के क्षमता उरते. 2011 ची लीफ नवी असताना अमेरिकी सरकारी मोजणीनुसार एका चार्जमध्ये 117 किलोमीटर जायची, म्हणजे आता सत्त्याहत्तरच्या आसपास. रोज जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर करणाऱ्याला ती आजही पुरते. कडाक्याच्या थंडीत हीटर लावला की मात्र हा हिशेब कोलमडतो, कारण या सुरुवातीच्या गाड्यांचा हीटर विजेच्या शेगडीसारखाच वीज खातो.

अशी वापरलेली गाडी घेताना किलोमीटर बघाच, पण ती कुठल्या गावात, उन्हात की सावलीत उभी असायची, हे आधी विचारा. नुसत्या पट्ट्यांवर विसंबू नका, त्या रीसेट करून काही काळ पूर्ण दाखवता येतात. बॅटरी पूर्ण भरून घ्या, आणि नेहमीच्या रस्त्याने ऑफिसपर्यंत जाऊन या.