अस्थिरोपण

हाडातील पोकळी भरण्यासाठी किंवा न जुळलेले हाड जुळवण्यासाठी दुसरीकडचे हाड वा त्याचा पर्याय बसवण्याची शस्त्रक्रिया. बोलताना सगळे ‘ग्राफ्ट’च म्हणतात.

हाडाच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग खनिजांचा, मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचा. बाकीचे पाणी आणि कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन. कोलॅजेनमुळे हाड चटकन तडकत नाही. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुने हाड खातात, ऑस्टिओब्लास्ट नवे रचतात. प्रौढाच्या सांगाड्याचा साधारण १० टक्के भाग दरवर्षी असा बदलतो. रोपणाची भिस्त यावरच आहे. बसवलेला तुकडा हळूहळू खाल्ला जातो आणि त्या जागी रुग्णाचे स्वतःचे हाड येते. अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सक मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवले की खनिजे काढलेले हाड प्राण्याच्या स्नायूत ठेवले तर तिथेही नवे हाड तयार होते.

बडोद्यात उत्तरायणाला पतंगाच्या नादात गच्चीवरून पडणारे असतातच. पायांवर पडल्यास नडगीच्या हाडाचा गुडघ्याकडचा पृष्ठभाग आत दबू शकतो. तो खालून ठोकून वर उचलला की पोकळी उरते. ती न भरल्यास सांधा पुन्हा खचतो. भरायला रुग्णाच्याच कमरेचे जाळीदार हाड सर्वांत चांगले, कारण त्यात जिवंत पेशीही येतात. पुढून हाड घेताना छेद कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापासून निदान २-३ सेंमी मागे ठेवतात, नाहीतर नस दुखावून मांडीची बाहेरची बाजू बधिर होते. काढलेले तुकडे रक्तात भिजलेल्या गॉजमध्ये ठेवावेत. वाळले की पेशी मेल्या. पोकळी लहान असेल तर कृत्रिम कॅल्शियम फॉस्फेटही चालते.

न जुळलेल्या हाडात खरे काम ग्राफ्टच्या आधीचे. मधला तंतुमय भाग काढून टोके रक्त येईपर्यंत खरवडायची, हाड धरून ठेवणारी धातूची प्लेट घट्ट बसवायची. पू असेल तर आधी तो संपवायचा. हलणाऱ्या किंवा पुवाळलेल्या जागी उत्तम ग्राफ्टही विरघळून जातो. हाडवैदाकडे मोडलेल्या हाडाला मालिश करून घेतल्यास टोके हलत राहतात. पट्टी फार आवळली तर रक्तपुरवठाच तुटतो. विडी-सिगारेटनेही जुळणी लांबते.

हाडाच्या दोन टोकांमधले अंतर ५-६ सेंमीहून मोठे असल्यास जाळीदार हाडाचा नुसता चुरा सहसा पुरत नाही. तेव्हा पोटरीचे बारीक हाड रक्तवाहिनीसकट नेतात, पण घोट्याच्या स्थैर्यासाठी त्याचा खालचा ६-८ सेंमी भाग सोडतात. हाडाच्या बाहेरच्या कठीण थराचा तुकडा बसवला तर त्या जागी नवे हाड येताना तो आधी सच्छिद्र होतो आणि काही महिने कमजोर राहतो, म्हणून दुखणे थांबले तरी एक्स-रे पाहिल्याशिवाय पूर्ण भार टाकू देत नाहीत.