ईएस पेशी आणि आयपीएस पेशी: दिसायला सारख्या, उपयोगाला वेगळ्या

अमेरिकेत मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात वाइसमन सेंटर आहे. बौद्धिक आणि विकासात्मक अपंगत्वावर तिथे संशोधन चालतं. अशा केंद्रांत मूलपेशी, म्हणजे शरीरातल्या कुठल्याही प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशी, वाढवायचं काम बहुधा सामाईक प्रयोगशाळेकडे असतं, कारण या पेशींचं मीडियम, म्हणजे त्यांना पोसणारा द्रव, जवळजवळ रोज बदलावं लागतं, मग रविवार असो की सण.

या मूलपेशींचे दोन प्रकार: भ्रूणातून मिळणाऱ्या ईएस आणि साध्या पेशींना मागे नेऊन घडवलेल्या आयपीएस. दोन्हींच्या प्लेटा सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवा, नुसत्या नजरेला फरक कळणार नाही. दोन्हींच्या कॉलन्या, म्हणजे पेशींचे पुंजके, चपट्या, दाट, रेखीव कडांच्या. कड विस्कटली की तिथल्या पेशी भलत्या वाटेला लागल्या समजायचं आणि तेवढा भाग पिपेटच्या टोकाने खरवडून काढायचा. दोन्ही दिसायला सारख्या, म्हणूनच गोठवलेल्या कुपीवरचं लेबल जिवापाड जपतात.

ईएस पेशी येतात काही दिवसांच्या, दान मिळालेल्या भ्रूणातून. माणसाच्या अशा पेशी जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये याच विद्यापीठात वेगळ्या केल्या. आयपीएस पेशी त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशींपासून घडवतात. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये चार जनुकं वापरून उंदराच्या पेशींत ते साधलं. माणसाच्या पेशींत २००७ मध्ये.

‘आयपीएस आल्या, आता ईएस कशाला?’ असं सर्रास विचारलं जातं. मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण फ्रॅजाइल एक्स हा बौद्धिक अपंगत्व आणणारा आनुवंशिक विकार. या विकारात एफएमआर१ जनुकातली सीजीजी ही डीएनएची अक्षरं २००हून जास्त वेळा लागोपाठ येतात, त्यावर मिथाइलचे छोटे रासायनिक गट बसतात आणि जनुक बंद पडतं. २००७ मध्ये हा दोष असलेल्या भ्रूणातून ईएस पेशी काढल्या, तेव्हा त्यांत जनुक चालू होतं. पेशी पुढे वेगवेगळी रूपं घेऊ लागल्या तसं ते बंद पडत गेलं. रुग्णांच्या त्वचेपासून केलेल्या आयपीएस पेशींत मात्र, २०१० मध्ये दिसलं, ते बंदच राहिलं. पेशीचं वय मागे गेलं, कुलूप तसंच.

म्हणजे कुलूप लागतं कधी, हे पाहायला ईएस हव्यात. आयपीएसचा मोठा गुण असा, की ज्याच्या त्या पेशी, ते मूल समोर असतं: ते कधी बोलू लागलं, त्याला झटके येतात का, हे ठाऊक असतं. आणि लागलेलं कुलूप उघडून पाहायलाही त्याच सोयीच्या. जीवशास्त्रज्ञ रुडॉल्फ येनिश यांच्या गटाने २०१८ मध्ये अशा पेशींतले मिथाइलचे गट काढले. जनुक पुन्हा चालू झालं, आणि त्यांपासून घडवलेल्या चेतापेशींचा अतिरेकी विद्युत् गोंधळ निवला.